जिराफाच्या मापाने

तलावावरच्या जीवरक्षकांची उंची जिराफाशेजारी उभं करून मोजायची, हा निर्णय व्यवस्थापकसाहेबांचा. नर्सच्या खोलीतल्या उंचीमापकाचा सरकता तुकडा तुटला होता. नवीन मागवा, असं तिने सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "कशाला? जिराफ आहे की."

जिराफ म्हणजे मोठ्या घसरगुंडीच्या जिन्यापाशी भिंतीवर स्क्रूने बसवलेली पत्र्याची पट्टी. पिवळा रंग, तपकिरी ठिपके आणि नटीसारख्या लांब पापण्या. अंगावर सेंटिमीटरच्या खुणा आणि पोटाशी एक जाड लाल रेघ, एकशे वीसची. ज्या मुलाचं डोकं रेघेला टेकत नाही त्याला घसरगुंडीवर सोडायचं नाही, कारण घसरगुंडी जिथे संपते तिथलं पाणी त्याच्या नाकातोंडात जाईल. खुणा मात्र वर दोनशेपर्यंत गेल्या होत्या. रंगवणाऱ्याला मान अर्धवट सोडवली नसावी.

उंची मोजायची वेळ आली ती कंपनीच्या परिपत्रकामुळे. तोवर जीवरक्षकांची वार्षिक तपासणी म्हणजे तलावाच्या चार लांब्या पोहून दाखवायच्या आणि खोल भागात टाकलेली वीट तळातून वर आणायची. वीट आणली की माणूस पास. ही पद्धत व्यक्तिसापेक्ष असल्याचं कंपनीच्या लक्षात आलं होतं. विटेत व्यक्तिसापेक्ष काय, ते परिपत्रकात नव्हतं. यापुढे जीवरक्षकाचा बीएमआय बघायचा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने भागायचं, आलेल्या आकड्याला पुन्हा उंचीने भागायचं. उत्तर साडेअठरा ते तीसच्या मध्ये आलं तर माणूस फिट, बाहेर गेलं तर अनफिट. अनफिट माणसाने पाण्याच्या काठावर उभं राहायचं नाही, तिकीटखिडकीत बसायचं. दाखला एक वर्षाचा.

हे परिपत्रक सूचनाफलकावर लागलं तेव्हा सगळ्यांनी आधी वहिनीकडे पाहिलं.

वहिनी म्हणजे मुख्य जीवरक्षक. तिचा नवरा पूर्वी इथेच पंपघरात होता, त्यामुळे अख्खा तलाव तिला वहिनी म्हणे. बुटकी, रुंद, दंड शाळेतल्या खांबांसारखे. पाण्याबाहेर ती चालताना बाकं सरकवावी लागत, पाण्यात उतरली की आवाजसुद्धा होत नसे. गळ्यातली शिट्टी वाजवली तर पलीकडच्या रस्त्यावरचे सायकलवाले थांबत. काठावर उभं राहण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि उरलेलंही तिथेच जावं एवढंच तिला हवं होतं. तिकीटखिडकीत बसणं तिच्या लेखी काचेच्या बरणीत बसण्यासारखं होतं.

वहिनी बाहेर पडली तर मुख्य जीवरक्षक कोण होणार, हे साहेबांनी मनात ठरवूनही टाकलं होतं. त्यांचा भाचा. त्याला सगळे काडी म्हणत आणि दुसरं काही म्हणता आलंही नसतं. काडी स्वभावाने चांगला, कामाला बेताचा, आणि जेवणाच्या सुट्टीत पंपघरामागे जाऊन सिगारेट ओढणारा. सरावाच्या वेळी बुडणाऱ्या माणसाची भूमिका त्याच्याकडे असे, कारण ती त्याला करावी लागत नसे. पाण्यात सोडला की तो आपोआप तळाला जाई.

मोजणारी नर्स ही वहिनीची सख्खी थोरली नणंद. लग्न न केलेली, त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी, नियमाला पक्की. कामावर वहिनी तिला सिस्टर म्हणे आणि घरी, फारच राग आला असेल तर, वन्सं. नणंद दोन्हीकडे वहिनीच म्हणे, पण घरात कधीकधी आधी 'जाड्या' लावी.

मोजणीच्या दिवशी जीवरक्षक पोहण्याच्या कपड्यांत, खांद्यावर टॉवेल टाकून, जिराफापुढे रांगेत उभे राहिले. शेजारच्या रांगेत घसरगुंडीसाठी आलेली शाळेची मुलं होती.

"काकू, तुम्हालापण घसरगुंडीवर जायचंय?" एका मुलीने वहिनीला विचारलं.

"हो. पण बाई सोडत नाहीयेत."

नणंदेने वजन पाहिलं. अठ्ठ्याहत्तर. वहिनीला भिंतीला टेकवून डोक्यावर पुठ्ठा धरला. एकशे चौसष्ट. मग तिने भागाकार केला, खोडला, पुन्हा केला आणि तिसऱ्यांदा कॅल्क्युलेटर बदलून केला.

"एकोणतीस," ती म्हणाली. "फिट."

हे बोलताना तिचा चेहरा पाहून कोणालाही वाटलं असतं की वाईट बातमी आहे.

"सिस्टर, जरा मोठ्याने," वहिनी म्हणाली. "मागे ऐकू गेलं नाही."

"पुढचा."

पुढचा काडी होता. वजन एकोणसाठ, उंची एकशे ब्याऐंशी.

"सतरा पूर्णांक आठ. अनफिट."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही कमी आहात."

"काय कमी आहे?"

"सगळंच."

बाजूला उभ्या साहेबांचा हात पँटच्या खिशातून बाहेर आला. "असं कसं? पोरगा बघा जरा. कुठे चरबीचा थेंब तरी आहे का?"

"तीच अडचण आहे," नणंद म्हणाली.

त्या सकाळी तलावावरचा प्रत्येक जीवरक्षक स्वतःच्या समजुतीपेक्षा उंच निघाला. एकदोघांना नवल वाटलं. तक्रार मात्र कोणी केली नाही. वजन वाढलं की काट्यात दोष असतो. उंची वाढली की माणूस आरशात बघून येतो.

साहेबांनी काडीला आत नेलं. फेरतपासणी मागता येते, असं त्यांनी परिपत्रकात शोधून काढलं. मग कँटीनमधून केळ्यांचा घड आणि पाण्याच्या बाटल्या आल्या. सव्वादोन किलो वाढवायचे होते. काडीने निष्ठेने केळी खाल्ली, पाणी प्याला, मध्ये एकदा उभा राहून ढेकर दिला आणि म्हणाला, "मामा, मी आतून हलतोय." दुपारी त्याला पुन्हा काट्यावर चढवेपर्यंत त्यातलं निम्मं त्याने स्वच्छतागृहात सोडलं होतं. आकडा अठरावर अडला.

"उद्या परत," साहेब म्हणाले.

"उद्या मी आजारी आहे," काडी म्हणाला.

*

संध्याकाळी वहिनी घरी आली ती शीळ घालत. नवरा सोफ्यावर होता. पंपघरातून निवृत्ती घेतल्यापासून तो मुख्यतः सोफ्यावरच असे. त्याचा बीएमआय बावीस. गेल्या वर्षी दिवा बदलायला स्टुलावर चढला तर उतरल्यावर त्याला बसून पाणी द्यावं लागलं होतं आणि मग हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं होतं. डॉक्टरांनी त्याचं वजन मात्र आदर्श असल्याचं सांगितलं. तेव्हापासून तो ते पाहुण्यांना सांगे.

"मी फिट," वहिनीने दारातूनच जाहीर केलं. "एकशे चौसष्ट उंची. एकोणतीस बीएमआय."

"किती उंची?"

"एकशे चौसष्ट."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मी एकशे पासष्ट आहे."

"मग?"

"मग इतकी वर्षं वरच्या फळीवरचे डबे मी कोणाला काढून देतोय?"

तेवढ्यात नणंद वर आली. ती रोज या वेळी भावाचा रक्तदाब मोजायला येई आणि जेवून जाई. पण आज तिने यंत्र पिशवीतून काढलंच नाही. तिला भागाकार खुपत होता.

"दोघं पाठीला पाठ लावून उभे राहा," ती म्हणाली.

"वन्सं, आता काय नाटक?"

"बाळ, ऊठ."

बाळ, वय वर्षं अठ्ठावन्न, उठला. नणंदेने दोघांच्या डोक्यांवर लाकडी पट्टी आडवी धरली. पट्टीचं एक टोक नवऱ्याच्या टकलावर टेकलं, दुसऱ्या टोकाखाली वहिनीच्या डोक्यावर चहाचा कप राहील एवढी जागा उरली.

नणंद खुर्चीत बसली. "मी जिराफाला टेप लावून तपासलं होतं," ती म्हणाली. "एकेक सेंटिमीटर बरोबर आहे."

"खुणा बरोबर असतील," नवरा म्हणाला. "पण पट्टी खाली जमिनीपर्यंत येत नाही ना? ती जमिनीपासून किती वर आहे, ते मोजलंस का?"

नणंद गप्प झाली. या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे बाकी दोघांना पुढे काय करायचं ते कळेना.

"तुमच्यात पाच सेंटिमीटरचा फरक आहे, म्हणजे जिराफ चार सेंटिमीटर खाली आहे," शेवटी ती म्हणाली. तिने भावाच्या वर्तमानपत्राच्या कडेवर आकडेमोड केली. "खरी उंची एकशे साठ. म्हणजे साडेतीस. वहिनी, तुम्ही अनफिट आहात."

"कोण म्हणतं?"

"तीसचा आकडा म्हणतो."

"त्या आकड्याला पोहता येतं का?" वहिनी म्हणाली. "हे बघा वन्सं. तुम्ही मोजलंत, मी मोजून घेतलं, साहेबांसमोर झालं. आता तुम्ही काही पाहिलं नाही आणि मी काही ऐकलं नाही. बाळ तर ऐकतच नाही."

"मला चुकीच्या मापावर सही करता येणार नाही."

"सही झाली आहे. तुमच्या अक्षरात आहे. सुंदर आहे."

"फक्त साडेतीस तर आहे," नवरा मध्येच म्हणाला. "अर्ध्यासाठी काय एवढं?"

"तू बस," दोघी म्हणाल्या.

जेवायला बसल्यावरही वाद चालू होता. नणंदेचं म्हणणं, नियम चुकीचा असला तरी माप बरोबर पाहिजे. वहिनीचं म्हणणं, नियम चुकीचा असेल तर माप चुकीचं असणं हीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट. ती जोरात होती. दुसऱ्यांदा वाढून घेत होती. आणि घास तोंडाशी नेतानाच तिचा हात थांबला.

दुपारी एक लहान मुलगी घसरगुंडीवरून खाली आली आणि पाण्याखाली गेली होती. जास्त वेळ नाही, पण वहिनीला तिला दंडाला धरून वर काढावं लागलं. पोर खोकत होती. एवढ्या लहान मुलीला वर सोडलं कोणी, म्हणून वहिनी तिच्या वडिलांवर खेकसली, मुलीला जिराफापाशी घेऊन गेली, तर मुलीचं डोकं लाल रेघेला बरोबर टेकलेलं. वडिलांची माफी मागावी लागली. "माफ करा, बरोबर आहे," असं ती म्हणाली होती.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"लाल रेघपण त्याच पट्टीवर आहे," वहिनी म्हणाली.

तिने ताट पुढे सरकवलं. तिसऱ्यांदा वाढून घेण्याचा प्रश्नच आला नाही.

*

सकाळी तलाव उघडण्यापूर्वी वहिनी जिराफापुढे उभी होती, हातात नवऱ्याचा स्क्रू ड्रायव्हर. पट्टीच्या प्रत्येक स्क्रूच्या दोन बोटं वर एक रिकामं भोक होतं आणि त्यातून गंजाचा ओघळ आलेला होता. चार स्क्रू, चार भोकं. रोज शेकडो लोक समोरून जात होते आणि सगळे जिराफाच्या पापण्या बघत होते.

दोन स्क्रू निघाले तेव्हा साहेब आले.

"वहिनी, काय चाललंय?"

"जिराफाला वर चढवतेय. कोणी उतरवलं होतं ते तुम्हाला माहीत असेलच."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. तलावात कोणी नव्हतं. "नात आली होती," ते म्हणाले. "वाढदिवस होता तिचा. दोनच बोटं कमी पडत होती. तुम्ही तिचं रडणं ऐकलेलं नाही. माझी सून माझ्याकडे बघत होती."

"मग नातीला कडेवर घेऊन खाली यायचं. जिराफाला कशाला खाली आणलंत?"

"परत लावायचं राहून गेलं."

"काल एक पोरगी पाणी प्यायली."

साहेबांना तोडगा सुचला. "असं करू. घसरगुंडीसाठी दुसरी पट्टी मागवतो. बरोबर उंचीवर. ही आपली स्टाफसाठी राहू दे. कारण, वहिनी, स्पष्ट सांगतो, ही पट्टी वर गेली की तुम्ही खिडकीत गेलात. साधा हिशोब आहे."

"मला येतो तो हिशोब. काल रात्री आमच्या वर्तमानपत्रावर झाला." तिने तिसरा स्क्रू फिरवला. "आणि पट्टी वर गेली की तुमचा भाचा बुटका होतो."

साहेबांचे ओठ हलले. ते भागत होते, हे दिसत होतं. काडी एकशे ब्याऐंशीचा एकशे अठ्ठ्याहत्तर. साडेअठराच्या वर. फिट. आणि वहिनी तीसच्या वर. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक जबाबदार भाव आला.

"थांबा," ते म्हणाले, "एकट्या कशाला करताय? मी धरतो."

आणि त्यांनी कोट काढून जिराफाची मान दोन्ही हातांनी धरली. "मुलांच्या जिवापुढे आपलं काय आहे?" ते वर बघत म्हणाले. "जरा डावीकडे घ्या."

वहिनीने चारही स्क्रू जुन्या भोकांत घट्ट बसवले. शेवटचा फिरवताना तिच्या मनात असं आलं की आपण स्वतःलाच काचेच्या बरणीत घालून झाकण लावतोय, आणि साहेब बरणी धरून उभे आहेत. पण मुलं यायची वेळ झाली होती.

नणंदेने त्याच दिवशी कालची सगळी मापं रद्द केली. फेरमोजणी सोमवारी. सगळ्यांची उंची पुन्हा पूर्वीइतकी होणार, हे कळल्यावर जीवरक्षकांत नाराजी पसरली. एकाने तर बायकोला सांगून ठेवलं होतं.

*

संध्याकाळी नणंद वर आली. तिने भावाचा रक्तदाब मोजला, यंत्र घडी घालून ठेवलं आणि वहिनीकडे न बघता म्हणाली, "सव्वा किलो."

"काय सव्वा किलो?"

"तुमचं वजन सव्वा किलो कमी झालं तर आकडा तीसच्या खाली येतो."

"तीन दिवसांत? चरबी काय दुकानात परत देता येते?"

"चरबी म्हटलं का मी? वजन म्हटलं." नणंद आता यंत्राची नळी पुसत होती, जी स्वच्छच होती. "जीवरक्षकाने मोजणीच्या दिवशी पाणी प्यायलेलं असलं पाहिजे, असं परिपत्रकात कुठेही नाही. मी दोनदा वाचलं."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. लग्नात हीच बाई भावाला म्हणाली होती की बाळ, पलंग मजबूत घे.

"सिस्टर, हे तुम्ही बोलताय?"

"मी काही बोलत नाही. जे लिहिलेलं नाही ते सांगतेय."

"आणि हे फसवणं नाही?"

"माप बरोबर आहे ना? काटा बरोबर, जिराफ बरोबर. मग माझी हरकत नाही. आकड्याला तुम्ही जशा दिसायला हव्यात, तशा दिसा एकदा."

"तब्येतीला चांगलं आहे का ते?" नवऱ्याने विचारलं.

"अजिबात नाही," नणंद म्हणाली. "मूर्खपणा आहे. पण फिटनेससाठी करायचाय."

शनिवारी वहिनी अर्ध्या जेवणावर राहिली आणि तिने घरातल्या दोन खुर्च्यांशी भांडण काढलं. रविवारी दुपारी तलावावरच्या, लोकांसाठी बंद झालेल्या वाफेच्या खोलीत ती टॉवेलात गुंडाळून बसली. बाहेर बाकावर नणंद हातात घड्याळ घेऊन. दर थोड्या वेळाने दार किलकिलं होई, वाफेतून लालबुंद मनगट बाहेर येई, नणंद नाडी मोजी आणि मनगट आत जाई.

"चक्कर येतेय?"

"राग येतोय."

"तो चालतो."

मग आतून प्रश्न आला, "तुम्ही मला इतकी वर्षं जाडी म्हणत आलात. मग आता हे का?"

"जाडी आहातच. उद्याही म्हणेन. ते घरात." नणंद घड्याळाकडे बघत होती. "बाळला हृदयाचा त्रास झाला तेव्हा दोन जिने त्याला पाठीवर घेऊन कोण उतरलं? मी तेव्हा मागून चपला घेऊन येत होते. त्याचा आकडा बावीस, तुमचा साडेतीस. मला भागाकार येतो. पण त्या दिवशीचं उत्तर त्यात कुठे बसवायचं, ते कळत नाही."

नणंदेने दारावर टकटक केली.

"वहिनी? ऐकताय ना?"

"ऐकतेय. जरा मोठ्याने म्हणा. वाफेने ऐकू येत नाही."

"मनगट काढा."

तेवढ्यात काडी आला. सुट्टीच्या दिवशी, केस विंचरून, हातात एक केळं. "वहिनींसाठी आणलं," तो म्हणाला. "माझ्याकडे खूप उरलीत."

"ते केळं आत आलं तर तुला त्याच्यासकट बुडवीन," आतून उत्तर आलं.

काडी बाकावर बसला आणि केळं स्वतःच खाऊ लागला. "वहिनी, एक सांगू? मला ती शिट्टी नको. मामा ऐकत नाहीत. परवा वाजवून बघितली. दोन फुंकरीत दम लागला."

"मग सांग त्यांना तसं."

"सांगितलं. ते म्हणाले, तुझा आकडा चांगला आहे."

*

सोमवारी फेरमोजणीला साहेब स्वतः हजर होते, नव्या शर्टात. पहिला काडी. वजन एकोणसाठ, उंची एकशे अठ्ठ्याहत्तर. अठरा पूर्णांक सहा. फिट. साहेबांनी टाळी वाजवली. काडी खोकत बाजूला झाला.

मग वहिनी. चालत आली तेव्हा एकही बाक सरकवावं लागलं नाही, कारण ती भिंतीला धरून येत होती. ओठ कोरडे, डोळे आत गेलेले, चेहऱ्याचा रंग उकडलेल्या बटाट्याचा. काट्यावर चढताना तिने नणंदेच्या खांद्यावर हात ठेवला.

"हात काढा," नणंद म्हणाली. "वजन कमी भरेल."

वहिनीने हात काढला. काटा हलला, थांबला. शहात्तर पूर्णांक सहा. जिराफाशेजारी एकशे साठ, एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. नणंदेने एकदाच भागाकार केला.

"एकोणतीस पूर्णांक नऊ."

"पुन्हा करा," साहेब म्हणाले.

तिने पुन्हा केला आणि कॅल्क्युलेटर त्यांच्या नाकासमोर धरला. "फिट. वर्षभरासाठी."

"अहो, पण त्यांच्याकडे बघा तरी! उभं राहता येत नाहीये त्यांना!"

"बघायचं नाही, असंच ठरलंय ना, साहेब? ते व्यक्तिसापेक्ष होतं."

वहिनी हसायला गेली आणि तिचे गुडघे गेले. सर्वांत जवळ काडी होता. त्याने तिला धरलं, म्हणजे तसा प्रयत्न केला, आणि ती त्याच्यासकट ओल्या फरशीवर बसली. तो खाली, ती वर.

"दोन्ही फिट माणसांना उचला कोणीतरी," नणंद म्हणाली.

सगळ्यांनी मिळून वहिनीला सावलीतल्या खुर्चीत नेऊन बसवलं. साहेब मागेमागे आले. त्यांना अजून आशा होती. "फिट आहेत म्हणता ना? मग लागू दे ड्युटीला. आत्ताच. मुख्य जीवरक्षक आहेत."

"आज त्यांना पाण्याजवळ जाऊ देणार नाही," नणंद म्हणाली.

"का?"

"फिट आहेत. पण आजारी आहेत."

परिपत्रकात यावर काही आहे का, ते साहेबांनी आठवून पाहिलं. नव्हतं. ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

नणंदेने मीठ-साखर घातलेलं पाणी आणून वहिनीसमोर ठेवलं, मोठा जग आणि ग्लास. शिक्का मारलेला दाखला तिने घडी घालून स्वतःच्या खिशात टाकला, कारण वहिनीच्या पोहण्याच्या कपड्यांना खिसा नव्हता. पलीकडे शाळेची मुलं पाण्यात शिरत होती आणि काडी काठावर उभा राहून शिट्टी वाजवण्याचा प्रयत्न करत होता. त्या आवाजाकडे मुलांचं लक्ष नव्हतं. दोघं धावत होती, एक जण खोल भागाकडे निघाला होता.

"सावकाश प्या," नणंद म्हणाली.

वहिनीने पहिला ग्लास संपवला. त्या एका ग्लासाने तिचा आकडा पुन्हा तीसच्या वर गेला. नणंदेने मनात भागाकार केला होता, पण ती काही बोलली नाही, तिने दुसरा ग्लास भरला. तिसऱ्याला वहिनीच्या गालांवर रंग आला. चौथा पिताना ती खोल भागाकडे निघालेल्या त्या मुलाला नजरेने मोजत होती.

"थोडा वेळ बसा," नणंद म्हणाली. "मी आज पाण्याजवळ जायचं नाही म्हटलंय."

"पाण्याजवळ कुठे जातेय? मी इथूनच ओरडते."

पाचव्या ग्लासाला ती नियमाप्रमाणे पुरती अनफिट झाली होती. ती उठली, बाक बाजूला सरकवलं, काडीच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली आणि वाजवली.

मुलं जिथल्या तिथे थांबली.